चार बलक

शुगरसाठी डॉक्टरांनी भाकरी बंद केली, तसा गोकुळ अंड्यांवर आला आणि कोलेस्टेरॉल वाढवून बसला. मग तीन महिने त्याच्या बायकोने, कावेरीने त्याला अंड्याचं नुसतं पांढरं वाढलं, रश्श्यावरचा तेलाचा तवंगही पळीने काढून घेतला. आज नवा रिपोर्ट मिळाला होता. राखोलीच्या दवाखान्यातून डोकमर्डीच्या आपल्या खोलीवर येईस्तोवर पाकीट खिशातच राहिलं, उघडायचा धीर होईना. त्याचा बाप याच वयात भरल्या ताटावर छाती धरून गेला होता.

"आणा इकडं," म्हणत कावेरीने पाकीट फाडलं. शुगर आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही आकडे खाली आले होते. "बघा! उगाच घाबरून राहिले होते तुम्ही."

गोकुळच्या जिवात जीव आला. जेवायला बसल्यावर त्याने हसत विचारलं, "रोजचे चार बलक अन् एवढा तवंग, टाकत कुठं होती गं तू?"

"अन्न कुठं टाकत असतात का?" कावेरीने वाटीतला लालभडक तवंग आपल्या भाकरीवर ओतला. तिचा डावा हात मघापासून छाती चोळत होता. "दोन दिवस झाले, जरा पित्तच झालंय मला."