काचेवरची चिकटपट्टी

वैभवने कागदात गुंडाळलेली चिप काउंटरवर ठेवली, तेव्हा चिंधूजींनी मुद्दाम वर पाहिलं नाही.

“काका, काढताना हिचा एक पाय तुटला. मशीनमध्ये बसून नाही राहिली.”

“मंग तुयं ते लॅपटॉपवालं मशीन काय कामाचं?”

“ते जुनी चिप वाचते अन् नव्या चिपमध्ये भरते. पाय थोडीच जोडते! तो हात तुमचाच.”

“कोनाची हाये?”

वैभव हसला. “हाये एका मोठ्या मानसाची. दुसरी कॉपी नाही कुठी. जपून करा.”

चिंधूजी काय ते समजले. सौंसरच्या जिनिंगवाल्या शेठने जुनं मशीन वैभवकडे दिल्याचं पांढुर्ण्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं असली कामं चिंधूजींकडे यायची. वैभव त्यांच्याच दुकानात सोल्डरिंग शिकला आणि आता लोक त्याला इंजिनिअर म्हणत. चिंधूजींच्या पोटात दुखायचं, आणि ते त्यांना लपवताही येत नसे.

“इंजिनिअर म्हने!” ते देवकाबाईंपुढे करवादले. “एक्क्याण्णवच्या नवरात्रात देवीपुढं पाचशे बल्बांचा मोर म्या नाचवला. एकेक आकडा हातानं भरला चिपमध्ये. अर्धं सावरगाव नदी उतरून आलं होतं पाहाले. तवा हा जन्मला तरी होता का?”

“नव्हता,” देवकाबाई म्हणाल्या आणि गालात हसल्या. बायकोच्या हसण्याचाही त्यांना राग आला.

तो मोर कित्येक वर्षं मंडळाच्या खोलीत पडून होता. आकड्यांची वही तर वाळवीने कधीच खाल्ली होती.

तुटका पाय त्यांनी दहा मिनिटांत जोडला. जोड कुठे आहे हे शोधूनही सापडलं नसतं. मग त्यांची नजर चिपवरच्या नव्याकोऱ्या चिकटपट्टीवर गेली. त्या काळच्या चिपला पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. ती झाकलेली असेल तोवर आतलं शाबूत राहतं. उन्हात उघडी ठेवली की आठवडाभरात सगळं पुसलं जातं.

चिंधूजींनी चिकटपट्टी अलगद सोलली. गच्चीवर देवकाबाईंनी गहू वाळत घातले होते, त्यांच्यामागे कठड्यावर चिप ठेवून दिली. आठ दिवस ऊनही कडक पडलं. नवव्या दिवशी पट्टी होती तशी चिकटवली आणि वैभवला निरोप धाडला.

वैभव लॅपटॉप घेऊन आला. देवकाबाई न सांगता चहा घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

पडद्यावर ओळीमागून ओळ एफ, एफ, एफ उमटत गेलं.

“खाली हाये, आत काहीच नाही,” वैभव म्हणाला. त्याने चिप पुसून पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा लावली.

चिंधूजींना आतून गुदगुल्या होत होत्या. “जुना माल हाये, उडून गेला असन. शेठले सांग, मशीन भंगारात घाला म्हना.”

“कोनता शेठ? जिनिंगची चिप तं म्या मागच्याच महिन्यात बदलली.”

त्याने देवकाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“ही काकूनं मंडळाच्या खोलीतून आनली होती. यंदाच्या नवरात्रात तुमचा मोर नाचवाचा होता, काका.”