नुसते हात

"चेहरा नको, नुसते हात दाखवा," या अटीवरच पंचफुलानं चॅनलवाल्यांना भाकरी थापून दाखवली होती. आता शेजारच्या धम्मशीलाताईंच्या नव्या टीव्हीवर तेच हात बघताना ती पुढं सरकून बसली.

कार्यक्रमाची जाहिरात तिनं घरच्या जुन्या टीव्हीवर आधी तपासली होती. मनगटावरचं गोंदण तिथं नुसता हिरवट डाग दिसत होतं. पण चॅनलनं यंदापासून फोर-के प्रक्षेपण सुरू केलेलं, आणि ताईंचा टीव्हीही पंचावन्न इंची, फोर-के. पिठाचा कण न् कण मोजून घ्या, एवढं स्वच्छ. गोंदणातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आरशुबा.

नवऱ्याचं नाव आश्रुबा. लग्नाआधी गोंदणारणीनं घाईत र अलीकडे काढला, आणि गंगाखेडजवळच्या त्या गावानं नव्या नवरीला 'आरशुबाची' म्हणून पिडून पिडून बेजार केलं. पोरासोरांनाही ते नाव पाठ होतं. असं गोंदण दुसऱ्या कुणाच्या हातावर असणं शक्यच नव्हतं.

"बंद करा ताई," ती म्हणाली.

धम्मशीलाताई दवाखान्यात नर्स. नऊ वर्षांपूर्वी पंचफुला परभणीत आली तेव्हा तिच्या पाठीवरच्या वळांना त्यांनीच मलम लावलं होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेली बाई, एवढं त्यांना पुरेसं होतं. डब्यांचा धंदाही त्यांनीच लावून दिला.

"तो हुडकत आला तर गं?" ताई म्हणाल्या. "पोलिसात सांगून ठिवू आपण."

"पोलिसात नको." पंचफुलानं घाईनं बाही खाली ओढली. "तो न्हाई यायचा."

"मग हात कशाला लपवायलीस?"

"गावातबी आता असले टीव्ही आलेत, ताई. लय लोक बघतेत."

दोन दिवस तिनं दार आतून लावून स्वयंपाक केला. डबे ताईंनी पोचवले. रस्त्यावर मोटारसायकल थांबली तरी ती खिडकीच्या फटीतून बघायची. "सेलूला माझ्या बहिणीकडं जाऊन राहा," असं ताईंनी परोपरीनं सांगितलं, पण खोली सोडायला ती काही तयार होईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. ताईंनी दार किलकिलं केलं. बाहेर एक म्हातारी एकटीच उभी होती.

"आत्याबाई," पंचफुलाच्या तोंडून निघून गेलं.

सासू आली होती, नर्मदाबाई. बरोबर नवरा नाही हे बघून ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाणी पुढं केलं. म्हातारीनं ते घेतलं नाही.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "नातीनं वाचलं, आरशुबा. मग चॅनलला फोन लावून पत्ता काढला."

"मी परत यायची न्हाई, आत्याबाई."

"तुला न्यायला आलेच न्हाई मी." म्हातारी टेकून खाली बसली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तू पळालीस, त्याच्या आठव्या दिवशी तुजा ठावठिकाणा लागला म्हणून आश्रुबा घरून निघाला. कुठं ते सांगितलं न्हाई. नऊ वर्सं झाली. एवढंच सांग पोरी, कुठं पुरलंस त्याला?"