जितका वेळ हवेत

आईचा अंगठा पट्ट्याच्या बकलावरून गोल गोल फिरत होता, थांबायचं नाव नाही. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच लेकीच्या छोट्या विमानात बसली होती, आणि नेमकं आजच खाली धावपट्टीवर कुणाच्या तरी विमानाचं चाक फुटलं. वाट मोकळी होईपर्यंत वरच थांबा, असं टॉवरने कळवलं.

लेकीने इंजिनचा जोर कमी केला, विमानाचं नाक किंचित वर धरलं. विमान संथ घिरट्या घालू लागलं.

"बंद पडतंय की काय गं?"

"नाही गं आई. घाई केली की पेट्रोल संपतं. कुठे पोचायचंच नसेल, तर असं रमतगमत उडायचं. म्हणजे जास्तीत जास्त वेळ वर राहता येतं."

"म्हणजे किती?"

"तासभर तरी. घाबरू नकोस."

अंगठा आणखी जोरात फिरू लागला. आईच्या कपाळावर घाम पाहून लेकीचाच जीव वरखाली होऊ लागला. पेट्रोलच्या काट्यापेक्षा ती आईकडेच जास्त बघत होती. अखेर टॉवरचा निरोप आला, धावपट्टी मोकळी झाली होती.

"चल, सुटलीस बाई एकदाची!"

आईने तिचं मनगट धरलं. "थांब. अजून एक फेरी मार."

 

विमान पुन्हा वळताच आई म्हणाली, "दोन वर्षं झाली, मी काही सांगायला गेले की तू पायात चपला सरकवून चालू लागतेस. आता इथून कुठे जाशील? ऐक. मी पुन्हा लग्न करतेय."