अँटेनाची वायर

बायको पहिल्यांदाच टीव्हीवर गाणार होती, तेही थेट प्रक्षेपणात. सासऱ्यांची नेमकी तेव्हाच ड्यूटी. म्हणून सकाळभर खपून त्यांनी सेट-टॉप बॉक्सची वायर रेकॉर्डरला जोडली आणि जाताना मला बजावलं, "जावईबापू, बॉक्सवर जे चॅनेल असेल तेच रेकॉर्ड होतं. रिमोटला हात लावू नका."

मी मॅच लावली. पाचच मिनिटं म्हणून.

संध्याकाळी तिनं हौसेनं रेकॉर्डिंग लावलं, तर गाण्याच्या जागी मॅच!

"माझंच चुकलं गं," सासरे म्हणाले. "बॉक्सऐवजी अँटेनाची वायर खोचली, तिच्यावर मॅचचंच चॅनेल येतं. वय झालं, दुसरं काय!"

ती डोळे पुसत आत गेली. सासरे माझ्याजवळ सरकले.

"मॅच तरी जिंकलो ना, जावईबापू?"