उतरताना

लिफ्ट बंद होती. डाव्या पायात सळई असल्यामुळे राजसी एकेक पायरी बघत चढली. वर पोहोचली तेव्हा सुनेत्राबाई दारातच उभ्या होत्या.

"ये. पंख्याखाली बस."

चिखलोलीचं हे घर राजसी पहिल्यांदाच बघत होती. सुनेत्राबाईंच्या रूपेशला ती विमान चालवायला शिकवायची. गेल्या हिवाळ्यात धावपट्टीवर उतरताना दोघांचं छोटं विमान उलटलं. ती वाचली, तो गेला. त्याच्या तेराव्याला ती हॉस्पिटलमध्ये होती.

रूपेशची धाकटी बहीण प्रगती पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काकू, चौकशीत काय यायचं ते येईल," राजसी म्हणाली. "पण तुम्हाला मी स्वतः सांगायला हवं. त्या दिवशी निघण्याआधी मी त्याच्यावर ओरडले होते. सगळ्यांसमोर. उतरताना तो एकदम ताठ झाला. कंट्रोल घट्ट धरून बसला. मी 'सोड, सोड' म्हणत होते, दोन्ही हातांनी ओढत होते. त्यानं सोडलंच नाही."

सुनेत्राबाईंनी एवढंच विचारलं,

"त्रास झाला का गं त्याला?"

"नाही. लगेच गेला."

"बरं झालं."

राजसीनं ग्लास खाली ठेवला. "काकू, तो घरी कधी असा घाबरायचा? एवढंच सांगा. मी ओरडले म्हणून झालं का हे?"

प्रगतीनं आईकडे पाहिलं.

"हळवा होता तो," सुनेत्राबाई म्हणाल्या. "कोणी आवाज चढवला की गांगरून जायचा."

राजसीनं मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. सुनेत्राबाई उठून तिच्याजवळ बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"माझा तुझ्यावर राग नाही, बाळा. तू काय मुद्दाम केलंस?"

"मी विमान उडवणं सोडलंय, काकू. आतमध्ये बसले की हात चालत नाहीत."

"नको बसूस मग. दुसरं काही बघ. शिकलेली आहेस."

त्यांनी तिला आग्रह करून पोहे खायला घातले. निघताना राजसी त्यांच्या पाया पडली. "तुम्ही माफ केलंत, आता निदान झोप तरी लागेल," ती म्हणाली.

प्रगती तिचा हात धरून तिला खाली घेऊन गेली आणि स्टेशनच्या रिक्षात बसवून परत आली. सुनेत्राबाई ओट्यापाशी बशी विसळत होत्या.

"आई, तिचं पूर्ण करिअर गेलं. आज तरी सांगायचं होतंस."

"काय सांगू?" सुनेत्राबाईंनी नळ बंद केला. "रूपेशला फिट यायच्या, आणि पायलटच्या मेडिकल तपासणीत त्या लपव असं मीच त्याला सांगितलं होतं, हे?"