लाल दिवा आणि हयातीचा दाखला

"खोटं वाटेल, पण काल मी इंटरनेट कंपनीला नुसतं ओरडून वठणीवर आणलं! तीन दिवस राउटर लाल डोळा वटारून बसलेला, आणि आज ऑनलाइन हयातीचा दाखला भरायची शेवटची तारीख. नाही भरला तर पेन्शन बंद. घरचा फोन उचलला. तिकडची बाई म्हणते, 'राउटर बंद करून चालू करा.' म्हटलं, अकरा वेळा केलं, आता मीच बंद पडायचा बाकी आहे! असा गरजलो, की कंपनीचा साहेब स्वतः शिडी घेऊन धावत आला."

कट्ट्यावर ऐकणाऱ्या मित्रांच्या माना डोलल्या.

मागून त्यांची बायको म्हणाली, "अहो, आपला फोनही त्याच वायरवर आहे, तीन दिवस मुका. मेलेल्या रिसीव्हरवर ओरडत होतात तुम्ही. चला, बँक चारला बंद होते. जिवंत आहात, ते तिथं ओरडून सांगा."