न हलणारा राजा

सिंहासनावर बसलेल्या माणसाला जगात कुणीही हलवू शकत नाही, असं तळ्यातल्या बेटावरच्या राजवाड्याचा गाईड बोटीतून उतरणाऱ्या पर्यटकांना छाती फुगवून सांगायचा. तिथल्या राजाला मात्र खोकला हलवायचा.

राजा म्हणजे नाटक कंपनी बुडालेला एक म्हातारा नट. भरजरी अंगरखा घालून, खोटी दाढी चिकटवून पुतळ्यासारखं बसायचं आणि लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढायचे, एवढंच काम. पण अलीकडे ऐन फोटोच्या वेळी महाराजांना खोकल्याची उबळ यायची आणि मुकुट मांडीवर पडायचा. "काका, आज एकदा जरी खोकलात, तर उद्यापासून घरी बसा," मॅनेजरने सकाळीच दम भरला होता.

दुपारनंतर महाराज एकदाही खोकले नाहीत. पोरांनी गुदगुल्या केल्या, एका बाईंनी डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला, पण पापणीसुद्धा लवली नाही. "बघा, जरा धाक दाखवला की कशी कला बाहेर येते!" मॅनेजर गाईडला म्हणाला.

संध्याकाळी राजवाड्याच्या बागेत पाणी घालणारी महाराजांची बायको नेहमीसारखी त्यांची दाढी उतरवायला आली. तिने त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. तो हात धरूनच ती सिंहासनापाशी बसली.

मॅनेजरने नाडी पाहिली. मग दाराकडे पाहिलं. शेवटच्या बोटीची मंडळी मोबाईल काढून रांगेत उभी होती.



"काकू," तो तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "जरा बाजूला सरकता का? फोटोत येताय."